खाडीला गाळ हवा आणि मागे सरकायला जागा हवी : किनारा प्राधिकरणास खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरण यांस,

सविनय नमस्कार.

किनारा नियमनाच्या नकाशावर भरतीरेषा असते. तिच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला जमीन. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे, फेब्रुवारी १९९१ च्या आधी घातलेला बांध किंवा उघाडी, म्हणजे बांधातले पाणी सोडण्याचे दार, असेल तर ही रेषा तिथेच थांबते. बांधाच्या आत खारे पाणी शिरून तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, उगवली असतील तर तेवढ्या भागाला संरक्षण मिळते. बाकीच्या जमिनीत, रेषेपासून ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यातला जो कमी असेल तेवढा पट्टा सोडला की किनारा नियमन संपते. त्यापुढे भरावाच्या मुरमाचे डंपर यायला मोकळे.

मी पेण तालुक्यातला, धरमतर खाडीकाठी खारशेती असलेल्या घरातला. रेषा बांधापाशी थांबवण्याला माझा विरोध नाही. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांध राखून भात पिकवले त्यांच्या शेतातून भरतीरेषा नेणे हा अन्यायच झाला असता. मला बोलायचे आहे ते बांधाआडच्या जमिनीबद्दल आणि बांधाबाहेरच्या चिखलाबद्दल. दोन्ही एकाच खाडीचा तळ आहेत. ही खाडी कशी झाली हे समोर ठेवले तर या दोन्हींबद्दलचे आपले निर्णय वेगळे होतील, असे मला मनापासून वाटते. म्हणून थोडे लांबून, म्हणजे हिमयुगापासून सांगतो. कंटाळा करू नये ही विनंती.

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन जोरात होते. उत्तर अमेरिका आणि उत्तर युरोप किलोमीटर-किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली होते. ते सगळे पाणी समुद्रातूनच गेलेले, त्यामुळे जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबईसमोर आज जो उथळ सागरतळ आहे तो जवळपास ३०० किलोमीटर रुंद आहे, आणि त्यातला बहुतेक भाग त्या काळी उघडी जमीन होता. दक्षिणेकडे हा उथळ मंच अरुंद होत जातो, पण रत्नागिरीसमोर काय किंवा गोव्यासमोर काय, किनारा आजच्या जागी कुठेच नव्हता. उल्हास, अंबा, सावित्री, वाशिष्ठी या नद्या आजच्या मुखापाशी न थांबता त्या मैदानावरून पुढे वाहत जात. समुद्र खाली गेला की नदी आपले पात्र खोल कापते, तशी ती त्यांनी कापली. धरमतरला खाडी नव्हती, अंबेची दरी होती.

मग बर्फ वितळू लागले. आपल्या बाजूच्या किनाऱ्यावर पाणी कसे चढत आले याचा आलेख दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी सागरतळावरून काढलेल्या नमुन्यांवरून मांडला आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. साडेचौदा हजार वर्षांपूर्वी पाणी सुमारे १०० मीटर खाली होते. साडेबारा हजार वर्षांपूर्वी ते ८० मीटरांपर्यंत आले आणि दहा हजार वर्षांपूर्वीपर्यंत तिथेच रेंगाळले. मुंबईच्या समोर खोल पाण्यात ‘पन्नास फॅदम’ या नावाने ओळखला जाणारा सपाट पट्टा आहे. उबदार आणि उथळ पाण्यातच तयार होणारे चुन्याचे गोल गोल कण तिथे सापडतात. आज ज्यावरून मोठी जहाजे जातात तिथे एके काळी गुडघा-कंबरभर पाणी होते, याची ती साक्ष.

दहा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात मात्र समुद्र धावत आला. हजार वर्षांत सुमारे २० मीटर, म्हणजे वर्षाला दोन सेंटिमीटर. साठ वर्षे जगलेल्या माणसाने आपल्या हयातीत पाणी एक मीटरहून जास्त वर आलेले पाहिले असणार. त्या वेगापुढे गाळाचे काही चालले नाही. नद्यांनी आणलेला गाळ थरावर थर बसायच्या आत पाणी त्याच्यावरून पुढे निघून जाई. दऱ्या नुसत्या पाण्याने भरत गेल्या. दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, कुठल्याही खाडीच्या तोंडाशी उभे राहून दोन्ही अंगांचे डोंगर पाहावेत. ते थेट पाण्यात उतरतात, कारण तो मुळात नदीने कापलेल्या दरीचा उतार आहे आणि त्याचा खालचा भाग पाण्याखाली आहे. आपल्या नद्यांना गोदावरी-कृष्णेसारखा त्रिभुज प्रदेश का नाही, याचे मोठे कारण हेच. आखूड, खड्या उताराच्या नद्या, आणि पुढे बुडालेली दरी. आणलेला गाळ आधी ती दरी भरण्यातच जातो.

मुंबईतही याचा पुरावा हाती लागला होता. १८७८ च्या सुमारास प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असताना चिखलाच्या थराखाली जंगल सापडले. तीनशेहून जास्त झाडे, त्यातली कित्येक मुळांवर उभीच, आणि ती खैराची. खैर हे कोरड्या जमिनीवरचे झाड. ते भरतीच्या रेषेच्या कितीतरी फूट खाली, निळसर चिखलात गाडले गेलेले. तेव्हाच्या भूवैज्ञानिकांनी जमीन खचली असा अर्थ लावला होता. समुद्र केवढा चढून आला हे तोवर कुणी मोजलेले नव्हते. दोन्ही थोडेथोडे घडले असू शकते. महत्त्वाचा आहे तो थरांचा क्रम. खाली झाडे, वर खाडीचा चिखल आणि त्यावर शहर.

सुमारे सात हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेतले मोठे हिमस्तर जवळजवळ संपले आणि पाण्याची धाव मंदावली. नंतर पातळी थोडी खालीवर झाली. श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडे वाळू आणि शिंपले चुन्याने सांधून झालेला जो करल दगड दिसतो, तो काही ठिकाणी आजच्या भरतीच्या वर आहे. पण धावणे थांबले. आज जगात जे मोठे त्रिभुज प्रदेश आहेत त्यांचीही सुरुवात साधारण साडेआठ ते साडेसहा हजार वर्षांपूर्वीच्या याच काळातली. आपल्या खाड्यांतले चिखलाचे पट्टे, खाजणे, कांदळवने, सगळी या सात हजार वर्षांतली. सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा आहे. त्याच्या पायथ्याशी पसरलेला हा चिखल त्याच्या मानाने काल-परवाचा.

हा चिखल बसतो कसा, हे नीट सांगायला हवे. कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

पावसाळ्यात नदी तांबडे, गढूळ पाणी आणते. गोड्या पाण्यात मातीचे बारीक कण सुटेसुटे तरंगत राहतात. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि जड होऊन खाली बसू लागतात. म्हणून गाळ खाडीतच जास्त बसतो. मग भरती-ओहोटीचे काम सुरू होते. बहुतेक उथळ खाड्यांत भरती जोराने आणि कमी वेळात आत येते, ओहोटी सावकाश उतरते. भरतीने तळाचा गाळ उचलून आत नेलेला असतो. भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी काही वेळ स्थिर असते, तेवढ्यात कण खाली बसतात, आणि परतीच्या मंद पाण्याला ते सगळे उचलता येत नाहीत. दिवसातून दोनदा, सात हजार वर्षे. काठ जसजसा वर येतो तसतसे त्याच्यावर पाणी कमी वेळ थांबते, गाळही कमी आणि अधिक बारीक बसतो. एका उंचीला तिवर रुजते. तिची वर आलेली श्वासमुळे पाण्याचा वेग आणखी कमी करतात आणि गाळ धरून ठेवतात. शेवटी अशी पातळी येते की भांगाची, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती तिथवर पोचतच नाही, फक्त उधाणाला पाणी चढते. तेच आमचे खाजण. तिथेच आमच्या पूर्वजांनी मातीचे बांध घातले, उघाड्या बसवल्या आणि भात लावला. गोव्यात हेच खाजन शेतीत झाले, आणि खाऱ्या जमिनीत तग धरणारे कोरगुट भात तिथे आजही लावतात.

इथे एक प्रश्न पडतो. केरळात लांबच लांब कायल आहेत, ओडिशात चिलिका आहे. तशी सरोवरे कोकणात का नाहीत? समुद्र तिथेही चढला, दऱ्या आणि सखल भाग तिथेही बुडाले. फरक आहे तो भरतीच्या उंचीचा. केरळात भरती-ओहोटीतला फरक जेमतेम एक मीटर. तिथे लाटांचे राज्य चालते. लाटा किनाऱ्यालगत वाळू वाहून नेतात, तिचा लांब बांध घालतात आणि मागे सरोवर अडकते. मुंबईला उधाणाच्या भरतीत हाच फरक पाच मीटरांच्या आसपास जातो आणि खंबायतच्या आखातात दहाच्याही वर. एवढे पाणी रोज आत-बाहेर करणार असेल तर वाळूचा बांध अखंड टिकत नाही. खाडीचे तोंड उघडे राहते आणि आत चिखलाचे रुंद पट्टे तयार होतात. दक्षिणेला भरती कमी होत जाते, तशी वाळू जोर धरू लागते. मालवणजवळ कर्ली नदीच्या मुखाशी देवबागची चिंचोळी वाळूपट्टी त्यामुळेच झाली आहे. रायगडची चिखलाची खाडी आणि सिंधुदुर्गाची वाळूची पट्टी यांना एकच माप लावून चालणार नाही.

चिलिकाची एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिचे समुद्राकडचे तोंड वाळूने बुजत आणि लांब सरकत गेले, आतले पाणी गोडे होऊ लागले, पाणवनस्पती माजल्या, मासळी घटली. सप्टेंबर २००० मध्ये तिथल्या प्राधिकरणाने नवे मुख उघडले. भरतीचे पाणी परत आत आले आणि मासळी पुन्हा वाढली. एका सरकारी प्राधिकरणाने समुद्र आणि गाळ यांचा हिशेब समजून घेऊन काम केले आणि ते फळाला आले. म्हणूनच मी आपल्यालाच लिहितो आहे.

आता आजच्या दिवसाकडे येतो.

आयपीसीसी या हवामान बदलाचा अभ्यास मांडणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालानुसार २००६ ते २०१८ या काळात जगातल्या समुद्राची सरासरी पातळी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढत होती, आणि हा वेग वाढतो आहे. २०२० मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात जगभरातल्या ७८ ठिकाणच्या कांदळवनांचा गेल्या दहा हजार वर्षांतला गाळ तपासला होता. समुद्र वर्षाला सहा मिलिमीटरांहून जास्त वेगाने चढत होता तेव्हा कांदळवनांना जम बसवता आलेला नव्हता. वेग कमी झाल्यावरच ती उभी राहिली. कोकणच्या दऱ्यांत दहा हजार वर्षांपूर्वी झाले तेच. म्हणजे मर्यादा कुठे आहे ते माहीत आहे, आणि आपण तिच्या दिशेने चाललो आहोत.

या परिस्थितीत चिखलाचा पट्टा दोनच मार्गांनी तगतो. त्याच्यावर पुरेसा गाळ बसून तो पाण्याबरोबर वर चढला पाहिजे, किंवा त्याला जमिनीकडे मागे सरकता आले पाहिजे. सात हजार वर्षे त्याने या दोन्ही गोष्टी केल्या आहेत. दोन्ही वाटा आपण बुजवत आणल्या आहेत.

गाळाचे पाहा. धरणाच्या जलाशयात गाळ थांबतो. खाडीतून आणि नदीच्या मुखातून रेती उपसली जाते, जहाजांसाठी मार्ग खोल करून काढलेला गाळ दूर नेऊन टाकला जातो. कोयनेचे पाणी वीजनिर्मितीनंतर पोफळीला वाशिष्ठीत सोडले जाते, मुळशीचे भिऱ्याला कुंडलिकेत. वर्षभर वाहणारे हे पाणी आपला बराचसा गाळ घाटावरच्या जलाशयात ठेवून खाली येते. त्याने या खाड्यांत खाऱ्या-गोड्याची सरहद्द आणि गाळ बसण्याची जागा किती बदलली, हे परवानगी देणाऱ्या प्रत्येक यंत्रणेच्या टेबलावर असायला हवे.

जागेचे पाहा. बांधाआडच्या जमिनीवर भरती येत नाही, म्हणून तिच्यावर गाळही बसत नाही. बाहेरचा चिखल वर चढत राहतो, आतली जमीन होती तिथेच राहते, किंबहुना वाळून दबते. बांगलादेशात १९६० च्या दशकात सुंदरबनाच्या कडेने असे मोठे बांध घातले. तिथल्या एका बेटावर मोजणी केली तेव्हा बांधाआतली जमीन बाहेरच्या जंगलापेक्षा एक ते दीड मीटर खाली निघाली. २००९ च्या आयला वादळात तो बांध फुटला आणि जवळजवळ दोन वर्षे भरती आत येत राहिली. त्या काळात लोकांचे हाल झाले, ते विसरता येणार नाहीत. पण त्याच काळात आत कित्येक दशकांचा म्हणावा एवढा गाळही बसला. आमच्याकडे बांधाला खांड पडली की शेतात पाणी का साचून राहते आणि दोन-तीन वर्षांत तिवरे का उगवतात, याचे उत्तर यातच आहे. ती खाडी आपला जुना तळ परत घेत असते. शेतकरी मात्र दोन्हीकडून मारला जातो. भात गेलेले असते आणि तिवरे उगवली म्हणून जमिनीला हात लावता येत नाही. मग मुरूम टाकायला कुणी पैसे घेऊन आला की तो जमीन विकतो. त्याला दोष देण्याचा अधिकार कुणाला आहे?

म्हणून माझी पहिली मागणी शेतकऱ्यासाठीच आहे. खांड पडून पडीक झालेल्या एखाद्या खारभूमी योजनेत, शेतकऱ्यांची लेखी संमती घेऊन आणि त्या सगळ्या वर्षांची पिकाइतकी भरपाई देऊन, भरतीचा गाळ ठरवून आत घ्यावा. जमीन पुरेशी वर आली की बांध पुन्हा घालून ती त्यांच्या ताब्यात द्यावी. हे काही स्वप्नरंजन नाही. बांगलादेशच्या नैर्ऋत्य भागात १९९७ मध्ये भैना बिलाचा (बिल म्हणजे तिथला सखल पाणथळ भाग) बांध लोकांनी स्वतः कापला, गाळ आत घेतला आणि बुजत चाललेली नदीही त्यामुळे खोल झाली. आपल्याकडे कायद्याची एक अडचण येईल. त्या काळात उगवणाऱ्या तिवरांचे काय करायचे, ते आधी ठरवावे लागेल. ते आपण, कांदळवन कक्षाने, खारभूमी विभागाने आणि गावाने एकत्र बसून ठरवावे, आणि गरज पडल्यास न्यायालयाची परवानगी घ्यावी. २०१८ च्या निकालात मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग मानला आहे. खाडीचा तळ वर आणण्याचे काम त्या निकालाच्या हेतूविरुद्ध जाणार नाही, असे मला वाटते.

दुसरे, बांधाआडची जी जमीन अजून मोकळी आहे तिच्यावर भराव घालण्याला मोकळे रान देऊ नये. ती नियमनाच्या बाहेर असली तरी आपल्याला शासनाकडे शिफारस करता येते. पुढच्या शंभर वर्षांत चिखल आणि कांदळवन मागे सरकणार कुठे, याची जागा प्रत्येक खाडीच्या आराखड्यात आजच दाखवून ठेवावी. इमारती उभ्या राहिल्यावर ती दाखवता येणार नाही.

तिसरे, उघड्या चिखलाबद्दल. २०१९ च्या अधिसूचनेत कांदळवनांच्या शेजारी जैविकदृष्ट्या सक्रिय चिखलपट्ट्यांनाही सर्वांत कडक संरक्षणाचा दर्जा आहे. पण कांदळवन हिरवे असते म्हणून उपग्रहाच्या चित्रात दिसते. चिखल मात्र चित्र भरतीला घेतले असेल तर दिसतच नाही. पाहणी उधाणाच्या दिवसांतल्या पूर्ण ओहोटीला व्हावी. आमच्या भागात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ती सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास असते. पाहणीला कोळी आणि आगरी माणसे बरोबर घ्यावीत, विशेषतः रेंद्यात उतरून कालवे, तिसऱ्या आणि चिंबोऱ्या काढणाऱ्या बायका. कुठला पट्टा जिवंत आहे हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. निवट्या कुठे कमी झाल्या, कुठे पाय आता जास्त रुततो, हे त्या सहज सांगतील.

याच चिखलावर भरपाई म्हणून तिवरांची रोपे लावण्याचे प्रस्ताव येतात. कृपा करून ते मंजूर करू नयेत. उघडा चिखल ही रिकामी जागा नव्हे. ठाणे खाडीत रोहित पक्षी हजारोंनी येतात ते या उघड्या चिखलातल्या आणि उथळ पाण्यातल्या अन्नासाठी. त्या खाडीला २०१५ मध्ये अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली, तीही मुख्यतः त्यांच्यामुळे. तिवर आपल्या योग्य उंचीवर स्वतः रुजते. त्या उंचीच्या खाली लावलेली रोपे बहुधा मरतात, आणि जगली तर पक्ष्यांचे चरण्याचे रान जाते.

आणि शेवटची मागणी मोजणीची. प्रत्येक मोठ्या खाडीत काही ठिकाणी चिखलाची पातळी वर्षानुवर्षे मोजली जावी आणि बांधाच्या आतबाहेर जमिनीची उंची एकदा तरी नीट तपासली जावी. त्याला फार खर्च येत नाही. खोल रोवलेले लोखंडी दांडे, दरवर्षी ठरलेल्या वेळी मोजमाप, आणि गावातल्या शाळा-महाविद्यालयांची मदत एवढ्यावर सुरुवात होते. वर्षाला किती मिलिमीटर गाळ बसतो हा आकडा समोर असेल तर बंदर, पूल, भराव, रेती, कुठल्याही प्रस्तावावर आपल्याला ठामपणे हो किंवा नाही म्हणता येईल. तो आकडा नसताना दिलेली प्रत्येक परवानगी अंदाजाने दिलेली असते.

धरमतर खाडीपासून सुरुवात करायची असेल तर आमच्या बाजूची माणसे दांडे रोवायलाही येतील आणि मोजायलाही. पुढच्या पावसाळ्याचा गाळ यायच्या आधी पहिली नोंद व्हावी, एवढी विनंती. या पत्राची एक प्रत खारभूमी विभागालाही पाठवत आहे.

आपला,
धरमतर खाडीकाठचा एक खारशेतकरी